मालगाडीतली बिनबिल्टीची माणसं



आपल्या या पानावर वाडे, संस्थानं, गणेशोत्सव, जुने मास्तर, लग्नातल्या पंगती असं पुष्कळ लिहून झालंय. मी सगळं आवडीनं वाचतो. आज मात्र जरा आडवाटेचा विषय घेतोय. मालगाडीत बसून, म्हणजे चोरून चढून, गावोगाव फिरणाऱ्या माणसांचा. अमेरिकेत त्यांना होबो म्हणायचे. तुम्ही म्हणाल, बागलीच्या माणसाला हे काय सुचलं? आपल्या बागलीला तर रेल्वेच नाही! खरंय. आमच्या लहानपणी रेल्वे बघायची तर आधी चापड्याच्या फाट्यापर्यंत यायचं, तिथून मोटारीनं देवास नाहीतर इंदूर गाठायचं. काळीसिंध आमच्याकडे उगम पावते, जटाशंकरचं देऊळ आहे, खाली नर्मदेपर्यंत जंगल आहे, पण रूळ नाहीत. पण ज्याच्या गावात रेल्वे नसते त्याला रेल्वेचं कौतुक जास्त असतं. शिवाय माझी बँकेतली निम्मी नोकरी मालगाडीच्या कागदांवरच गेली. तिथूनच सुरुवात करतो.

तरुण मंडळींना बिल्टी हा शब्द ठाऊक नसेल. सत्तरच्या दशकात मी बँकेत लागलो तेव्हा माळव्यातला कापूस, सरकी, गहू, हरभरा बराचसा रेल्वेनं जायचा. व्यापारी मालधक्क्यावर माल चढवायचा आणि रेल्वेकडून पावती घ्यायचा. तीच रेल्वे रिसीट, आपल्याकडच्या बोलीत बिल्टी. तिच्यावर वॅगनचा नंबर, पोत्यांची नाहीतर गाठींची संख्या, वजन, मार्का, पाठवणारा, घेणारा सगळं लिहिलेलं. व्यापारी ती बिल्टी आणि हुंडी आमच्याकडे आणून द्यायचा. आम्ही त्याला पैसे द्यायचो आणि कागद कानपूरला नाहीतर अहमदाबादला पाठवायचो. तिथला खरेदीदार बँकेत पैसे भरायचा, बिल्टी हातात घ्यायचा आणि मग माल सोडवायचा. म्हणजे तो कागद हाच माल. पोतं वाटेत हरवलं तर दावा, उशिरा उचललं तर डॅमरेज. एकेका पोत्याची जगात कुठेतरी नोंद असायची आणि त्याची काळजी करणारा कोणीतरी असायचा.

त्याच गाडीत कधी कधी माणसंही असायची. त्यांची बिल्टी नसायची. ती पोहोचली काय, न पोहोचली काय, कोणाच्या खात्यात फरक पडत नसे. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा अमेरिकेतल्या होबो लोकांबद्दल वाचलं आणि पुन्हा पुन्हा हीच गोष्ट मनात येत राहिली.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं. हजारो शिपाई मोकळे झाले. १८६९ च्या मे महिन्यात पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारे रूळ युटामध्ये एकत्र आले. आणि १८७३ साली तिथे बँका बुडाल्या, मोठी मंदी आली. म्हणजे हाताला काम नाही, काम शोधत फिरायची तयारी आहे, आणि दाराशी रूळ आहेत. तिकिटाला पैसे नाहीत, पण मालगाडी चढावर हळू होते, पाणी घ्यायला थांबते. तेवढ्यात चढायचं. हा प्रकार असा सुरू झाला. होबो हा शब्द १८९० च्या सुमारास रुळला. तो कुठून आला यावर तिथले विद्वान अजून भांडतात.

त्या लोकांनी आपल्यात एक फरक ठरवला होता, तो मला फार आवडतो. होबो म्हणजे जो फिरतो आणि काम करतो. ट्रॅम्प म्हणजे जो फिरतो पण काम करत नाही. आणि बम म्हणजे जो फिरतही नाही आणि कामही करत नाही. तेव्हा होबोला भिकारी म्हटलेलं चालायचं नाही. तो मजूर होता. कॅन्ससपासून डकोटापर्यंत गव्हाची कापणी, कॅलिफोर्नियात फळांची तोडणी, वायव्येकडे लाकूडतोड, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापणं आणि नवे रूळ टाकणं. त्या देशाची शेती अशी हंगामी होती की कापणीला दोन महिने हजारो हात हवेत आणि नंतर एकही नको. मालकांना हे हात हवे होते, पण त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च नको होता. मालगाडीनं तो प्रश्न फुकटात सोडवला. पुढे त्याच मालगाडीतून गहू शहरात जायचा, कागदपत्रांसह.

हे लोक स्टेशनापासून थोडं लांब, पाण्याच्या आणि झाडांच्या आडोशाला मुक्काम करायचे. त्या जागेला ते जंगल म्हणत. तिथे एक मोठा डबा चुलीवर असायचा. येणाऱ्यानं जे असेल ते टाकायचं, कोणी बटाटा, कोणी कांदा, कोणी मांसाचा तुकडा, आणि सगळ्यांनी मिळून खायचं. भांडी घासून उलटी घालून जायचं, म्हणजे पुढच्याला मिळतील. १८८९ साली सेंट लुईसच्या मेळाव्यात त्यांनी वागणुकीचे नियम केल्याचं सांगतात. गावात सभ्यपणे वागायचं, काम मिळेल ते करायचं, पोरांना घरी परत जायला समजवायचं, अशा धर्तीचे. आयोवा राज्यात ब्रिट नावाच्या छोट्या गावात १९०० पासून त्यांचं संमेलन भरतं, ऑगस्टमध्ये. अजूनही भरतं. तिथे राजा-राणी निवडतात.

कुंपणावर खडूनं खुणा करायची पद्धतही प्रसिद्ध आहे. मांजराचं चित्र म्हणजे घरची बाई दयाळू आहे. सिनेमात दाखवतात तितक्या या खुणा सर्रास होत्या का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण कुठल्या दारात भाकरी मिळते आणि कुठल्या दारात कुत्रं सोडतात, याची बातमी तोंडोतोंडी नक्की फिरायची.

आता कोणाला वाटेल, काय मजेचं आयुष्य! तसं नव्हतं. १९०१ ते १९०५ या पाच वर्षांत अमेरिकेत रुळांवर आणि गाड्यांवर विनापरवाना गेलेली सुमारे २४ हजार माणसं मेली आणि त्याहून थोडी जास्त जखमी झाली. हा सरकारी आकडा आहे. डब्याखालच्या लोखंडी दांड्यांवर आडवं पडून लोक जायचे. डुलकी लागली की संपलं. रेल्वेचे पोलीस दंडुके घेऊन यार्डात फिरायचे. पकडला की भटकेपणाच्या गुन्ह्याखाली तुरुंग. लेखक जॅक लंडन १८९४ साली अठरा वर्षांचा असताना असाच फिरत होता. त्याला नायगाऱ्याजवळ पकडून तीस दिवस तुरुंगात टाकलं. ते सगळं त्यानं १९०७ साली ‘द रोड’ या पुस्तकात लिहिलं.

नंतर १९३० च्या दशकातली महामंदी आली. आमच्यासारख्या बँकवाल्यांना त्या मंदीचा इतिहास परीक्षेला असायचा. किती बँका बुडाल्या, शेअर किती पडले, हे सगळं. पण एक आकडा कधी कोणी शिकवला नाही. सदर्न पॅसिफिक या एकाच रेल्वे कंपनीनं १९३२ या एकाच वर्षी ६ लाख ८० हजारांच्या वर लोक आपल्या गाड्यांवरून उतरवले. त्या काळात रुळांवर भटकणाऱ्या शाळकरी वयाच्या पोरापोरींची संख्या अडीच लाखांच्या घरात धरतात. घरी खाणारी तोंडं जास्त झाली म्हणून मोठा मुलगा आपणहून निघून जायचा.

आणि त्यातही सगळ्यांचं नशीब सारखं नव्हतं. १९३१ च्या मार्चमध्ये अलाबामात एका मालगाडीवरून नऊ काळ्या पोरांना उतरवलं. गोऱ्या पोरांशी मारामारी झाली होती. मग दोन गोऱ्या मुलींच्या खोट्या तक्रारीवरून बलात्काराचा खटला झाला. काही दिवसांतच नवांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला. पुढे तो अमलात आला नाही, पण वर्षानुवर्षं तुरुंगात गेली. त्या गाडीत गोरी पोरंही विनातिकीटच होती.

आता आपल्या भागाकडे येतो. वाटेत एक पाहुणा भेटतो, तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा.

१८९२ च्या जून महिन्यात एक तरुण बंगाली संन्यासी खंडव्याला आला. बागलीहून दक्षिणेला जंगल उतरलं, नर्मदा ओलांडली की निमाड, आणि त्यापुढे खंडवा. म्हणजे आपल्या शेजारचंच. तिथले बंगाली वकील हरिदास चॅटर्जी यांच्याकडे तो राहिला. हे स्वामी विवेकानंद. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जायची इच्छा त्यांनी खंडव्यात बोलून दाखवली, कोणी जहाजाच्या भाड्याची सोय केली तर जाईन म्हणून. तिथून ते मुंबईला गेले आणि मुंबईहून पुण्याला. त्या गाडीत लोकमान्य टिळक होते. पोचवायला आलेल्या गुजराती मंडळींनी ओळख करून दिली, आणि स्वामी टिळकांच्या घरी आठ-दहा दिवस राहिले. टिळकांनी पुढे आठवण सांगितली आहे की या माणसाजवळ पैसा अजिबात नव्हता. तिकीट कोणीतरी काढून द्यायचं.

पुढच्या वर्षी, १८९३ च्या सप्टेंबरात, ते शिकागोला पोहोचले. हार्वर्डचे प्राध्यापक राइट यांनी तिकीट काढून दिलं होतं. पण परिषदेच्या कचेरीचा पत्ता वाटेत हरवला. रात्र झाली, कोणी दाद देईना. शेवटी रेल्वेच्या मालयार्डात एका रिकाम्या खोक्यात ते झोपले. काही चरित्रांत ते मोठं खोकं आहे, काही जण मालगाडीचा रिकामा डबा म्हणतात. सकाळी उठून संन्याशाच्या रीतीनं दारोदार विचारत निघाले. चांगल्या श्रीमंत वस्तीत नोकरांनी हाकललं, दारं लावून घेतली. थकून रस्त्याच्या कडेला बसले, तेव्हा समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, तुम्ही परिषदेला आला आहात का? त्या मिसेस हेल. त्यांनी घरात नेलं, जेवू घातलं आणि परिषदेच्या लोकांकडे पोहोचवलं. पुढे स्वामी त्यांना कायम मदर चर्च म्हणत.

ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि त्या नोकरांना नावं ठेवतो. पण १८९३ साल कोणतं होतं ते बघा. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत पुन्हा बँका कोसळल्या होत्या. कारखाने बंद, रेल्वे कंपन्या दिवाळखोर. शिकागो म्हणजे सगळ्या रेल्वेमार्गांचं जंक्शन, त्यामुळे मालगाड्यांवरून उतरलेले बेकार लोक त्या शहरात सगळ्यांत जास्त. रोज सकाळी चुरगळलेल्या कपड्यांतली माणसं दार ठोठवायची. त्या नोकरांना स्वामीजी त्यांतलेच एक वाटले. आणि एका अर्थानं त्या सकाळी ते होतेही त्यांतलेच: खिशात पैसा नाही, अंगावर मळ, रात्र मालयार्डात काढलेली. त्या आठवड्यात त्याच यार्डात आणखी किती जण झोपले असतील. त्यांच्यासाठी कुठली बाई बाहेर आली असेल का, कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आता आपला माळवा. इंदूरला रेल्वे आली १८७० च्या दशकात, खंडव्याहून. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं. बँकेत असताना हा व्यवहार मी सगळ्यांना रंगवून सांगायचो. मीटरगेजची ती छोटी गाडी महूनंतर पातालपाणीला घाट उतरायची, कालाकुंडला पोहोचायची. तिथला पळसाच्या पानातला कलाकंद तुम्ही सगळ्यांनी खाल्ला असेल. चाळीस फुटांना एक फूट असा चढ. चढताना मागून दुसरं इंजिन लावायचे. गाडी इतकी हळू व्हायची की धडधाकट माणूस सहज चढेल-उतरेल. डोंगरातल्या बायका जळणाच्या मोळ्या घेऊन चढायच्या आणि महूच्या बाजूला उतरून विकायच्या. तिकीट कसलं!

खंडवा लाइनवरच्या एका गावी माझी बदली होती, तेव्हा फाल्गुन-चैत्रात मी चैतुए बघितले. आपल्या मध्य प्रदेशात चैत्रातल्या कापणीला घर सोडून निघणाऱ्या मजुरांना चैतुए म्हणतात. अख्खं कुटुंब. कमरेला विळा, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात एक पातेलं आणि तवा, कडेवर पोर. पॅसेंजरमध्ये मावले नाहीत की मालगाडी थांबायची वाट बघत मालधक्क्याच्या टोकाला बसायचे. एखादा भला गार्ड रिकाम्या उघड्या वॅगनकडे नुसतं बघून मान फिरवायचा. एखादा खाली उतरवायचा. मी मालधक्क्यावर गाठी मोजायला गेलो की ही माणसं दिसायची. मी गाठींवरचे मार्के वहीशी ताडून बघत असायचो आणि पलीकडच्या वॅगनमधून एखादं पोरगं माझ्याकडे बघत असायचं. त्यांना कोणी होबो म्हटलं नाही, त्यांच्यावर पुस्तकं आली नाहीत. पण कॅन्ससचा गहू कापणारा आणि आपल्याकडचा गहू कापणारा यांत काही फरक नाही. फक्त आपला माणूस बायको-पोरांसकट जातो, आणि हंगाम संपला की परत घरी येतो.

मग आपल्या समाजात फिरस्त्याला काहीच मान नव्हता का? होता. आणि तो बागलीच्या माणसाइतका कोणाला माहीत असणार! नर्मदा परिक्रमेची वाट बागली तहसिलातल्या जंगलातून जाते. परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून चालतो, पात्र ओलांडत नाही, जवळ पैसा ठेवत नाही. पूर्ण रीतीनं केली तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. शिधा पुढच्या गावात मिळतो. त्याला सदाव्रत म्हणतात: पीठ, डाळ, मीठ, मिरची. एका वेळेपुरतं घ्यायचं, साठवायचं नाही. जंगलातून वर बागलीकडे आलेले काही जण आमच्या ओटल्याशी यायचे. “नर्मदे हर” ऐकू आलं की आजी हातातलं काम टाकून उठायची. तिचा नियम एकच होता, आधी पाणी, मग विचारपूस. शिधा द्यायची तो मापानं, पण शेवटी मूठभर वरून घालायची. आमच्या आईनं तोच नियम चालवला. तुमच्यापैकी ज्यांची घरं नेमावर, हंडिया, महेश्वर, बडवाहच्या बाजूला आहेत त्यांना हे सांगायला नको.

बघा, होबोंचे नियम आणि परिक्रमेचे नियम किती जवळ आहेत. गरजेपुरतं घ्या, साठवू नका, पुढच्यासाठी जागा स्वच्छ ठेवा, गावाला त्रास देऊ नका. परिक्रमावासी पुण्यासाठी चालायचा आणि होबो पोटासाठी फिरायचा. आणि मला वाटतं, आपल्या लोकांची खरी परीक्षा इथेच होते. “नर्मदे हर” म्हणणाऱ्याला आपण पीठ देतो. साधूला टीसी सुद्धा सहसा उठवत नाही, सिंहस्थाच्या वर्षी उज्जैनच्या गाड्यांत हे कोणीही बघितलं असेल. पण “काम आहे का, मालक?” म्हणणाऱ्याला आपण आधी गाव विचारतो, मग जात विचारतो, मग फाटक लावतो. पुण्यासाठी भुकेला असेल तर अतिथी, पोटासाठी भुकेला असेल तर संशयित! शिकागोच्या नोकरांनी केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

आणि आपण तरी कोण? माळव्यातली मराठी घरं काही इथल्या मातीतून उगवलेली नाहीत. कोणी पवारांबरोबर देवास-धारला आलं, कोणी होळकरांबरोबर, कोणी शिंद्यांच्या कचेरीत. नंतर कोणी मास्तर म्हणून आलं, कोणी रेल्वेत, कोणी नुसतंच दुष्काळातून सुटून. संवत १९५६ चा म्हणजे १८९९-१९०० चा छपन्या काळ माळव्यातली म्हातारी माणसं आमच्या लहानपणीही सांगायची. लोक घरं सोडून निघाले होते. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या कुठल्यातरी पणजोबांना कुठल्यातरी अनोळखी ओटल्यावर पाणी मिळालेलं आहे. ते मिळालं म्हणून आज आपल्या नावाच्या पाट्या दारांवर आहेत.

हे सगळं जुनं झालं असं म्हणून सोडून दिलं असतं. पण २०२० साल आलं. मार्चच्या शेवटी प्रवासी गाड्या बंद झाल्या, देशभर. मालगाड्या चालूच राहिल्या. चालू ठेवणं भागच होतं, धान्य, कोळसा, पेट्रोल पोहोचायला हवं. पण त्याचा अर्थ काय झाला तो बघा: बिल्टी असलेला माल देशात कुठेही जाऊ शकत होता आणि माणूस आपल्या घरी जाऊ शकत नव्हता. आग्रा-मुंबई रस्ता देवासवरूनच जातो. मुंबईहून निघालेले लोक सेंधव्याजवळ बिजासनच्या सीमेवर हजारोंनी अडकले. नंतर आपल्या बायपासवरून दिवसरात्र जात होते, ट्रकमध्ये मालासारखे उभे, रिक्षांत पाच-पाच जण, सायकलवर, पायी. देवास-इंदूरच्या पुष्कळ मंडळींनी रस्त्यावर उभं राहून पुऱ्या, पाणी, चपला वाटल्या, हे मुद्दाम लिहून ठेवतो. २ मे रोजी इंदूर-उज्जैनच्या हद्दीवर पोलिसांनी काँक्रीट कालवायचा एक मिक्सर ट्रक थांबवला. त्याच्या गोल टाकीतून अठरा जण बाहेर आले. महाराष्ट्रातून लखनौला निघाले होते. सिमेंटच्या टाकीत बसून.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ ती घटना झाली. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले वीसेक मजूर, आपल्याच मध्य प्रदेशातले, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, रुळांवरून चालत भुसावळकडे निघाले होते. तिथून घरी जायला गाडी मिळेल अशी आशा. पोलीस अडवतील म्हणून रस्ता सोडला आणि रूळ धरले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं. थकून रुळांवरच झोपले. सव्वापाचच्या सुमारास रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र आपण सगळ्यांनी पेपरात बघितलं.

श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या आणि पुढे त्यांतून साठ लाखांवर लोक घरी गेले, हेही खरं आहे. पण त्या सोळांपर्यंत ती सोय पोहोचली नाही. ती मालगाडी कुठून निघाली, कुठे जायची, किती टाक्या, याचा हिशेब रेल्वेकडे मिनिटामिनिटाचा होता. त्या सोळा जणांचा हिशेब रात्रभर कोणाकडेच नव्हता.

माझ्या हिशेबी बुद्धीला यातून एवढं कळतं. मालगाडीवर, ट्रकवर, टाकीत किती माणसं बसलीत, हा त्या काळाचा खरा ताळेबंद असतो. १८७३, १८९३, १९३२, २०२०. बँकांचे आणि सरकारांचे आकडे नंतर येतात, लेखापरीक्षण होऊन. हा आकडा आधी येतो, आणि तो बघायला ओटल्यावर बसणं पुरतं.

नातवंडांसाठी दोन ओळी. हल्ली मुलं मालगाडीवर चढून फोनवर व्हिडिओ काढतात. ते होबो नव्हेत. आता जवळजवळ सगळ्या मार्गांवर डोक्यावरून २५ हजार व्होल्टची तार जाते. तिला हात लागायची गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी माणूस जळतो. छतावर बसून प्रवास केला तर रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अमेरिकेतही डिझेल इंजिनं आली, पाण्यासाठी थांबणं बंद झालं, डबे सीलबंद झाले आणि जुने होबो संपत गेले. त्यांची गाणी, सिनेमे राहिले. बघा, ऐका, पण जे गेले ते हौसेनं गेले नव्हते एवढं लक्षात ठेवा.

आणि मोठ्यांसाठी एक विनंती. आपण आपल्या घराण्यांच्या वंशावळी लिहितोय, उत्तम. त्यासोबत हेही लिहा की आपल्या ओटल्यावर कोण कोण येऊन गेलं. कापणीला कुठल्या गावचे लोक यायचे, ते कशानं यायचे, रात्री कुठे झोपायचे, त्यांना पाणी कोण द्यायचं आणि कुठल्या भांड्यातून द्यायचं. वेगळं भांडं असेल तर तेही लिहा, लाजू नका. ज्यांच्या घरी सत्तरी-ऐंशीची माणसं आहेत त्यांनी या आठवड्यातच विचारून घ्या. त्या लोकांची बिल्टी कोणी केली नाही. निदान आपल्या वहीत त्यांची एक ओळ असावी.

नर्मदे हर.